एका शब्दात सांगा

निवृत्त झालेल्या मराठीच्या मास्तराला दोनच कामांसाठी बोलावणी येतात. एक, लग्नपत्रिकेतले ऱ्हस्व-दीर्घ तपासायला. आणि दुसरं, कसल्या ना कसल्या स्पर्धेचा परीक्षक व्हायला. पहिल्या कामात निदान जेवण तरी असतं. दुसऱ्यात नारळ मिळतो, आणि तो घरी नेला की आमची सौभाग्यवती मान वर न करता म्हणते, "ठेवा तिकडे, आधीचे तीन आहेत."

२०२० सालच्या जानेवारीत मला असंच एक बोलावणं आलं. माझा एक जुना विद्यार्थी अक्कलकुव्याकडच्या एका शाळेत शिक्षक आहे. वर्गात असताना त्याला 'आणि'मधला 'णि' कधी ऱ्हस्व लिहिता आला नाही, त्यामुळे तो मराठीचाच शिक्षक झाला याचं मला आश्चर्य वाटलं नाही. तो फोनवर म्हणाला, "सर, आम्ही सहावी ते आठवीच्या मुलांची शब्दस्पर्धा घेतोय. पाच-सहा शाळांची मुलं येतील. यादी तुम्हीच करा, परीक्षकही तुम्हीच व्हा."

"आणि बक्षिसं?"

"ती पण तुमच्याच हस्ते, सर."

थोडक्यात, खर्च सोडून सगळं माझ्यावर होतं. मी हो म्हटलं.

शब्दांची यादी करणं सोपं असतं असा माझा समज होता. वास्तविक आपल्याकडे या उद्योगाला हजार-दीड हजार वर्षांची परंपरा आहे. अमरसिंहानं अमरकोश पद्यात लिहिला तो काही छंद म्हणून नव्हे. पोरांना पाठ करता यावा म्हणून. तीन कांडं, आणि एकेका वस्तूची नावं ओळीनं. पाठशाळेत शेंडीला गाठ मारून पोरं ती घोकत. अर्थ पुढं कधी तरी कळत असे, किंवा कळत नसे. या अमरकोशात एकट्या नर्मदेला चार नावं दिली आहेत : रेवा, नर्मदा, सोमोद्भवा आणि मेकलकन्यका. मी ती चारही यादीत घातली. नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तर टोकाला नर्मदा वाहते, तेव्हा स्थानिक विषयही झाला आणि माझी विद्वत्ताही दिसली, असा दुहेरी विचार होता. 'मेकलकन्यका' हे उत्तर पुढं एकाही मुलाला आलं नाही. खरं सांगायचं तर तीन दिवसांपूर्वी ते मलाही येत नव्हतं.

मग मी मोल्सवर्थ काढला. हा जेम्स मोल्सवर्थ कंपनी सरकारच्या पलटणीतला एक तरुण अंमलदार. ज्या वयात इतर गोरे अंमलदार डुकरांची शिकार करीत त्या वयात याला मराठी शब्दांची शिकार करायचा नाद लागला. मदतीला शास्त्रीमंडळी आणि जॉर्ज व थॉमस हे कँडी नावाचे जुळे भाऊ. १८३१ साली कोश छापला, आणि १८५७ साली, म्हणजे उत्तरेत बाकीचे इंग्रज जीव मुठीत धरून पळत होते त्या वर्षी, याची सुधारलेली दुसरी आवृत्ती निघाली. साठ हजारांच्या आसपास शब्द! हे गृहस्थ चांभाराला चांभाराचे शब्द आणि कोळ्याला कोळ्याचे शब्द विचारत असणार, कारण पांढरपेशा घरात कोणी उच्चारणार नाहीत असे कितीतरी शब्द त्यात निवांत बसलेले आहेत. मराठीच्या शिक्षकाला कमीपणा वाटावा अशी गोष्ट आहे. पण आपल्याला एखाद्या मराठी शब्दाची खात्री करून घ्यायची तर आजही आपण एका साहेबाच्या दारात जाऊन उभे राहतो.

दात्यांचा आणि कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश आमच्याकडे आहे. १९३२ ते ३८ या काळात निघालेले सात जाडजूड खंड. परंतु त्यातले तीन त्या आठवड्यात पापडांच्या लाट्यांवर वजन म्हणून ठेवले होते आणि 'ट' नेमका कुठल्या खंडात आहे हे पाहायला उठणं माझ्या जिवावर आलं. हा आळस मला पुढं फार महाग पडला. ते ओघात येईलच.

या खटाटोपात माझ्या मुलीचा अमेरिकेतून फोन आला. तिकडे अशा स्पर्धांचं प्रस्थ मोठं. १९२५ साली वॉशिंग्टनला पहिली राष्ट्रीय स्पेलिंगची स्पर्धा झाली तेव्हा अवघी नऊ मुलं होती आणि शेवटचा शब्द होता 'ग्लॅडिओलस' – आपल्याकडे लग्नाच्या स्टेजवर असतात ती फुलं. १९८५ साली एका भारतीय वंशाच्या मुलानं ती जिंकली, आणि मग आपल्या लोकांनी तिचं जे काही केलं ते आपण क्लास लावलेल्या प्रत्येक गोष्टीचं करतो. २०१९ साली तर वीस फेऱ्या होऊनही आठ मुलं उरली. संयोजकांनी हात टेकले, कठीण शब्द संपले म्हणाले, आणि आठही जणांना विजयी घोषित करून घरी पाठवलं. त्या आठांत एक सुखटणकर होता. आमच्या सौभाग्यवतीचं आजोळ गोव्याकडचं, त्यामुळे दोन दिवस घरात असं वातावरण होतं की जणू तो कप आमच्याच शोकेसमध्ये आला आहे.

"तुमच्या स्पर्धेत शब्द संपतील का हो?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, "अक्कलकुव्यात शब्द नाही, वेळ संपतो. साडेचारची एस.टी. असते."

तर अशा रीतीनं यादी तयार झाली. तीन फेऱ्या : समानार्थी, विरुद्धार्थी आणि 'एका शब्दात सांगा'. ज्यांनी शिष्यवृत्तीच्या परीक्षा दिल्या आहेत त्यांना ही तिसरी भानगड ठाऊक असेल. ज्याला एकही शत्रू नाही असा – अजातशत्रू. मोजता येणार नाहीत असे – अगणित. शब्दांचा एक गठ्ठा द्यायचा आणि त्याची पुडी बांधून घ्यायची. चौथी-सातवीच्या शिष्यवृत्तीवर महाराष्ट्राच्या किती पिढ्या या पुड्या बांधत वाढल्या. मी स्वतः 'अजातशत्रू' हा शब्द सातवीत पाठ केला. आजवरच्या आयुष्यात तो एकदाही कुणाला लावता आलेला नाही.

नियमही मीच केला. यादीत आहे ते बरोबर, यादीत नाही ते चूक. हा नियम मला अनुभवानं शिकवला होता. पूर्वी एकदा धुळ्यात एका वकील पालकांनी आपल्या मुलाच्या वतीनं 'अनल' आणि 'अनिल' हे एकच, असा पाऊण तास युक्तिवाद केला होता आणि शेवटी मलाच अग्नी कुठला नि वारा कुठला ते आठवेना. तेव्हापासून मी यादीच्या बाहेर पाऊल टाकत नाही.

स्पर्धेच्या दिवशी चोवीस मुलं होती. त्यांत सातवीतला एक काटकुळा मुलगा होता, थोरल्या भावाचा असावा असा स्वेटर घातलेला. प्रत्येकानं उभं राहून नाव-गाव सांगायचं होतं. हा म्हणाला, "मी मणिबेलीचा. आमचं गाव महाराष्ट्रात एक नंबर आहे."

मुलं हसली. मीही हसलो. पण माझा विद्यार्थी-शिक्षक कानात कुजबुजला, "सर, खरं आहे ते." मतदारयाद्यांत महाराष्ट्राची सुरुवात नंदुरबारपासून होते, लोकसभेचा पहिला मतदारसंघ नंदुरबार, विधानसभेचा पहिला अक्कलकुवा आणि त्यातलं पहिलं मतदान केंद्र मणिबेली. मतदानयंत्र तिथं होडीतून जातं. गावाला निदान एका यादीत तरी पहिला नंबर मिळाला आहे.

पहिल्या फेरीत हा मुलगा बेताचाच होता. 'कमळ'ला त्यानं एकच समानार्थी शब्द सांगितला. दुसऱ्या फेरीत मात्र मी 'घोषित' म्हणून पुरतं तोंड मिटायच्या आत त्यानं "अघोषित!" म्हणून सांगितलं. शहरी शाळेतली मुलं अजून छताकडे बघत होती. 'सज्ञान'ला 'अज्ञान' हेही त्यानं तितक्याच झटक्यात दिलं. मला वाटलं, वा! तयारी चांगली आहे.

तिसऱ्या फेरीत त्याला प्रश्न आला : चारही बाजूंनी पाण्यानं वेढलेली जमीन?

"टापू."

मी यादी पाहिली. यादीत 'बेट' होतं. म्हटलं, "चूक. बेट."

तो बसला नाही. म्हणाला, "सर, टापूच म्हणतात. तलाठी पण टापूच म्हणतो."

हॉलमध्ये हशा पिकला. तलाठ्याचा मराठी भाषेशी संबंध जोडलेला कुणी ऐकला नव्हता. मी अशा वेळी शिक्षक जे करतात तेच केलं. चष्मा कपाळावर नेला आणि म्हटलं, "यादीत नाही. बस खाली."

तो बसला. तिसरं बक्षीस बावीस गुणांना गेलं. त्याचे वीस झाले होते.

घरी आल्यावर, नारळ चौथा म्हणून जागेवर गेल्यावर, मी मोल्सवर्थ उघडला. कशाला उघडला कोण जाणे. झोप येत नव्हती. 'टापू' – बेट. स्वच्छ लिहिलेलं. साहेबानं १८३१ सालात विचारून ठेवलेलं. मग पापडांखालचा दाते-कर्व्यांचा खंड ओढून काढला, तर तिथंही टापू हजर. उलट 'बेट' या शब्दाचीच पंचाईत. बेट बांबूचंही असतं, आणि त्याला चार सोडा, एकाही बाजूनं पाणी नसतं. म्हणजे दोघांत जास्त नेमकं उत्तर त्या पोराचं होतं.

सौभाग्यवती म्हणाली, "मग आता?"

"आता काय, झाली स्पर्धा."

"पोराला कळवा."

"पत्ता नाही."

"एक नंबरचं गाव म्हणाला ना? सापडेल की."

बायकांचं तर्कशास्त्र हा विनोदी लेखकांचा जुना विषय आहे. मी त्याच्या वाटेला जात नाही, कारण माझा अनुभव असा की ते बरोबर असतं.

मग मणिबेली म्हणजे नेमकं काय ते मी वाचायला लागलो, आणि माझ्या लक्षात आलं की शब्दांची खरी स्पर्धा त्या खोऱ्यात गेली पन्नास वर्षं चालू आहे. तिचे परीक्षक माझ्याहूनही कडक आहेत आणि यादी त्यांच्याही हातात आहे. सरदार सरोवराची कोनशिला १९६१ साली नेहरूंनी बसवली. पाण्याच्या वाटणीचं राज्याराज्यांत पटेना म्हणून १९६९ साली लवाद नेमला आणि त्यानं १९७९ साली निवाडा दिला. महाराष्ट्रातली तेहतीस गावं बुडणार होती. त्यांत धरणाला सगळ्यांत जवळची मणिबेली. हा निवाडा मुळात एक शब्दकोशच आहे. 'विस्थापित' म्हणजे कोण? 'कुटुंब' म्हणजे काय? नवरा, बायको, अज्ञान मुलं आणि अवलंबून असलेली माणसं. पण सज्ञान मुलगा असला तर तो वेगळं कुटुंब. मुलगी कितीही सज्ञान झाली तरी ती या पुडीत बसत नाही. पंचवीस टक्क्यांहून जास्त जमीन जाणार असेल तर कुटुंबाला कमीत कमी दोन हेक्टर. आणि जमीन म्हणजे कागदावरची. डोंगरउतारावर बापजाद्यांनी कसलेलं शेत जंगलखात्याच्या नकाशात असलं, तर त्याला निराळा शब्द आहे : अतिक्रमण.

म्हणजे 'सज्ञान × अज्ञान' हे त्या पोराला व्याकरणाच्या पुस्तकातून आलेलं नव्हतं. कुणाच्या तरी घरी दोन हेक्टर त्या एका जोडीवर अडली असणार. 'घोषित' म्हणजे ज्याचं नाव प्रकल्पग्रस्तांच्या यादीत आलं तो; 'अघोषित' म्हणजे ज्याचं घर गेलं पण नाव आलं नाही तो. आणि टापू? धरण भरलं की खालची शेतं जातात, वरची टेकडी तेवढी पाण्यात उभी राहते. ती बुडत नाही म्हणून ती बुडीत नव्हे. तिथं जायला वाट नाही म्हणून ती गावही नव्हे. अशा जमिनीला सरकारी बोलीत टापू म्हणतात. तलाठी पण टापूच म्हणतो! तो मुलगा साक्षीदार आणत होता आणि मी त्याच्यावर हॉल हसवला होता.

गंमत अशी की ज्या गावाचा शब्द मी यादीत नाही म्हणून बाद केला, त्या गावाचं नाव जगाच्या यादीत कधीच गेलेलं आहे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मणिबेलीत सत्याग्रह झाला. पाणी चढत असताना माणसं घरं सोडेनात. या धरणाला पैसे देणाऱ्या जागतिक बँकेनं मोर्स नावाच्या गृहस्थांची समिती नेमली, १९९२ साली तिचा अहवाल प्रतिकूल आला आणि १९९३ साली बँक या प्रकल्पातून बाहेर पडली. १९९४ साली चव्वेचाळीस देशांतल्या तीनशे सव्वीस संस्था-संघटनांनी एक पत्रक काढलं, की मोठ्या धरणांना बँकेनं आता पैसे देणं थांबवावं. त्या पत्रकाचं नाव 'मणिबेली जाहीरनामा'. न्यूयॉर्क-लंडनच्या चर्चासत्रांतून 'मणिबेली' हा शब्द आला आणि सगळ्यांना त्याचा अर्थ ठाऊक होता. धुळ्यातल्या मराठीच्या मास्तराला नव्हता. धरण मात्र थांबलं नाही. त्याचं लोकार्पण सप्टेंबर २०१७ मध्ये झालं आणि सप्टेंबर २०१९ मध्ये ते प्रथमच काठोकाठ, १३८.६८ मीटरपर्यंत भरलं. म्हणजे आमच्या स्पर्धेच्या चार महिने आधी. मी तो आकडा वाचला आणि पुस्तक मिटून ठेवलं.

ठरवलं, जायचं. तिसऱ्या बक्षिसाचं म्हणून एक पेन घेतलं, बरोबर मोल्सवर्थच्या त्या पानाची झेरॉक्स. मार्चच्या शेवटी जायचं पक्कं केलं, आणि मार्च २०२० च्या शेवटी सगळा देशच घरात बसला. पुढं दोन वर्षं शाळा बंद, उघड्या, अर्ध्या उघड्या. माझ्या विद्यार्थ्यानं कळवलं, तो मुलगा गावी गेलाय; तिथं मोबाइलला रेंज नाही, तेव्हा त्याचं ऑनलाइन शिक्षण चालू आहे असं आम्ही धरून चालतो. 'धरून चालणे' हा वाक्प्रचार यादीत घ्यायला हवा होता.

शेवटी २०२२ च्या होळीला योग आला. सातपुड्यात होळी म्हणजे दिवाळी. शाळेतली, ऊसतोडीला गेलेली, सगळी माणसं घरी येतात. काठीची राजवाडी होळी प्रसिद्धच आहे. मोलगीच्या घाटात जीपनं माझी सगळी हाडं मोजून पाहिली. मग पायवाट, मग होडी. होडीवाला तडवी होता, मितभाषी. पाण्यातून वाळलेल्या झाडांचे शेंडे वर आलेले. एका जागी त्यानं वल्हं थांबवलं नि खाली बोट दाखवून म्हणाला, "शूलपाणेश्वर." नर्मदेची परिक्रमा करणारे आजी-आजोबा ज्या देवळाचं आणि ज्या झाडीचं नाव भीत भीत घेत, ते देऊळ आमच्या खाली होतं. नवं पलीकडे गुजरातेत, गोऱ्याला बांधलं आहे. मी नमस्कार केला. पण पाण्याकडे बघून करायचा की पलीकडे बघून, ते कळेना.

मुलगा आता नववीत होता. स्वेटरला पुरून उरला होता. मला पाहून त्याला आनंद झाला असं म्हणवत नाही. परीक्षक घरी आला तर कुणाला होईल? बाजेवर बसवलं, पाणी दिलं. त्याची आई होती, आजी होती. चौथीपर्यंत हा इथल्या जीवनशाळेत शिकला. १९९२ च्या सुमारास आंदोलनानं खोऱ्यात या शाळा सुरू केल्या. 'लढाई-पढाई साथ साथ' हे त्यांचं ब्रीद. मी घसा साफ करून सगळं सांगितलं : टापू बरोबर होतं, चूक माझी होती, हा बघ पुरावा. त्यानं झेरॉक्स दोन्ही बाजूंनी पाहिली.

"मग माझे किती झाले, सर?"

"बावीस."

"म्हणजे तिसरा नंबर?"

"दोघांत विभागून."

त्यानं पेन घेतलं, टोपण उघडून तळहातावर रेघ मारून पाहिली, आणि मग म्हणाला, "आता मी विचारतो."

"काय?"

"शब्द. आमच्यातले. दहा."

त्याच्या आईनं त्याला दटावलं असावं. मला भाषा कळली नाही, पण सूर सगळ्या आयांचा एकच असतो. मी म्हटलं, "विचारू दे, विचारू दे." पस्तीस वर्षं नोकरी खानदेशात झाली, अहिराणी बोलतो, तेव्हा निम्मे तरी येतील असा माझा हिशेब.

त्यानं अंगणातल्या झाडाकडे बोट केलं. मी म्हटलं, "मोह." "मराठीत नको, सर." गेला. मग टोपलीतला मासा, मग चूल, मग पाण्यावरून येणारा वारा. त्याला त्यांच्यात वेगळा शब्द आहे आणि रानातून येणाऱ्या वाऱ्याला वेगळा. सगळे गेले. पाचवा, सहावा, सातवा गेला. आठव्याला त्यानं आईकडे बोट दाखवलं. देवमोगऱ्याची याहा मोगी माता मला ठाऊक होती, मी ओरडलोच, "याहा!" एक बरोबर. आजी टाळ्या वाजवायला लागली. नववा गेला. शेवटी त्यानं समोर हात केला. पाण्याच्या मधोमध एक टेकडी उभी होती, माथ्यावर दोन झाडं.

ही माझ्यावर केलेली मेहेरबानी आहे असं मला वाटलं. मी ऐटीत म्हटलं, "टापू!"

तो हसला नाही. आजीला काही तरी विचारलं, आजीनं एक शब्द सांगितला. मी तो वहीत तीन वेळा लिहिला, तीनदा वेगळा, आणि तिन्ही वेळा तिनं मान हलवली.

"टापू सरकारी आहे, सर," मुलगा म्हणाला. "आमच्या यादीत नाही."

"अरे, पण मोल्सवर्थमध्ये…"

"यादीत नाही."

दहापैकी एक. तेवढ्यात खालून होडीवाल्यानं हाक दिली. वारा उलटायच्या आत निघायला हवं होतं. आजीनं निघताना एका पुरचुंडीत आमचूर बांधून दिला. घरी नेला तर सौभाग्यवती म्हणाली, "चला, या वेळी नारळ तरी नाही."